बिनाबीटचे शंभर अभिप्राय

१ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. शुद्ध मराठीत. कोणाला दाखवायची नाही, पण शुद्धच, कारण उद्या माझ्यावर कोणी डॉक्युमेंटरी काढली तर त्या लोकांचे हाल नकोत.

काल दुसरा अल्बम युट्यूबवर टाकला. नाव 'बिनाबीट'. नऊ ट्रॅक, एकेचाळीस मिनिटं, बीट शून्य. ढोल नाही, डीजे नाही, ऑटोट्यून नाही. फक्त मी आणि सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या माझ्या 'नयन ऑनलाईन सेंटर'चे आवाज. पहिल्या ट्रॅकमध्ये प्रिंटर. तिसऱ्यात सातबाराचे रकाने, जसेच्या तसे, एका दमात. पाचवा ट्रॅक 'लोडशेडिंग'. त्यात चार मिनिटं काहीच नाही. असं महाराष्ट्रात अजून कोणी केलेलं नाही. मी गुगलवर पाहिलं.

पहिल्या अल्बमला, म्हणजे 'ढाणकी रोड'ला, भीमराजचे बीट होते. भीमराज आमच्याच गल्लीतला, पहिलीपासूनचा दोस्त, लग्नाच्या वरातीत धुमाल पार्टीसोबत ढोल वाजवतो. तेव्हा अख्खी ढाणकी नाचली. लोक म्हणतात बीटवर नाचली. मी लोकांशी वाद घालत नाही. शब्दांवर नाचली.

या वेळी भीमराजला घेतलं नाही. कला पुढे गेली की काही माणसं मागे राहतात, हे त्याला प्रेमाने समजावलं. तो म्हणाला, ठीक आहे लेका. आणि ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला. मनाला लावून घेतलं असेल. घेऊ दे.

ध्येय एकच. १४ एप्रिल. जयंतीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात गेल्या वर्षी मला स्टेजवर वीस मिनिटं मिळाली होती. यंदा मंडळाचे अध्यक्ष नागोराव काका म्हणतात की धुमालवाल्यांनीही वेळ मागितला आहे, दोघांतून एकालाच देता येईल, तुझ्या नव्या गाण्यांबद्दल लोक काय म्हणतात ते पाहू. निर्णय ५ एप्रिलला. ती वीस मिनिटं गेली तर ढाणकीत मी फक्त फॉर्मवाला उरतो. ते मला मान्य नाही.

आणखी एक संकल्प: व्ह्यूज दिवसातून दोनदाच पाहायचे.

१ मार्च, दुपारी १२

एकोणीस वेळा पाहिले. एकूण व्ह्यूज तेवीस. म्हणजे माझे वजा केले तर चार. ते चार कोण असतील या विचाराने अंगावर काटा आला.

३ मार्च

आईला ऐकवला. आई (रुखमाबाई, अंगणवाडीत मदतनीस, तोंडाने फटकळ) तांदूळ निवडत होती. पहिला ट्रॅक पूर्ण ऐकला. मग म्हणाली, मशीन घासून राह्यली, तेल टाक तिच्यात. एका ऐकण्यात वाद्य ओळखलं. समीक्षकांना हे जमलं नसतं.

पाचव्या ट्रॅकला 'बंद पडलं वाटते' म्हणून उठून गेली. तिला ती शांतता सहन झाली नाही. मला हाच परिणाम हवा होता.

५ मार्च

युट्यूबवर नऊ कमेंट. त्यातल्या चार मीच केल्या, वेगवेगळ्या अकाउंटवरून, चर्चेला सुरुवात म्हणून. उरलेल्या पाच मात्र अस्सल.

एकाने लिहिलं, 'भाऊ आवाज नाही येऊन राह्यला, चेक करा.' त्याला तीनशे शब्दांत उत्तर दिलं. एकाने फक्त बदाम टाकला, तो पिन केला. एक म्हणतो पहिला अल्बम भारी होता. असे भूतकाळात रमणारे लोक सगळीकडे असतात. एक म्हणतो माझी एकेचाळीस मिनिटं परत दे. म्हणजे पूर्ण ऐकला बेट्याने. पाचवी कमेंट: 'तो पहिल्या अल्बमचा धुमालवाला भाऊ, त्याचा नंबर टाका, २५ ला लग्न आहे.' तिला चौदा लाईक. मी नंबर टाकला नाही. विषयाला धरून नव्हतं.

इंटरनेटवर खरा श्रोता मिळत नाही, हे आज कळलं. खरा श्रोता समोर बसलेला असतो.

७ मार्च, सकाळी १०.३०

समोर बसलेला! माझ्या सेंटरमध्ये रोज तीस-चाळीस माणसं लाल खुर्चीवर बसून असतात. फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला, आधार, काय काय. फॉर्म अपलोड होईपर्यंत नुसती पंख्याकडे पाहतात. तेवढ्यात त्यांच्या कानाला हेडफोन लावायचा. आणि अभिप्राय वहीत घ्यायचा.

वहीची आयडिया शाळेतून. मी झेडपीच्या शाळेत दोन वर्षं कॉम्प्युटर शिकवायला होतो. कोणी साहेब आला की हेडमास्तर चहा आणि शेरेबुक एकदमच पुढे करत. साहेब चहा पिऊन शेरा लिहीत, शाळेचं नाव वर जात असे. कागदावर आलेलं कोणी नाकारू शकत नाही.

दोनशे पानी रजिस्टर आणलं. वर स्केचपेनने लिहिलं, 'बिनाबीट : अभिप्राय'. टार्गेट शंभर.

सक्ती अजिबात नाही. फक्त अभिप्राय लिहिल्याशिवाय पावतीची प्रिंट काढायची नाही.

१० मार्च

पहिल्या दिवसाचे अकरा अभिप्राय. इथे उतरवून ठेवतो.

'स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' असे सात. सात अनोळखी माणसं, एकमेकांशी न बोलता, शब्दाला शब्द एकच लिहितात. याला एकमत म्हणतात.

'आवाज चांगला आहे. फार्मर आयडी लवकर मिळावा ही विनंती.'

'नयनभाऊ हुशार आहेत. त्यांच्या हाताला यश आहे. अर्ज क्रमांक खाली लिहिला आहे.'

'गाणे ऐकले. समाधान झाले. दोन प्रती काढाव्यात.'

'अल्बम एक नंबर. मी सकाळी नऊपासून बसलो आहे.' हा माणूस तल्लीन झाला होता, मी स्वतः पाहिलं. वेळेचं भान नव्हतं त्याला.

१२ मार्च

आजचा दिवस जपून ठेवायचा.

तानाबाई आल्या. भीमराजची मावशी. एकट्याच राहतात, इथून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर. त्यांना हयातीचा दाखला काढायचा आहे. निराधारचा पगार चालू ठेवायचा तर ३१ मार्चच्या आत तो जोडावा लागतो. माणूस जिवंत आहे एवढंच त्यात असतं. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा लावला, लागेना. सात-आठ वेळा. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेघाच उरल्या नाहीत. मी म्हटलं मावशी, सर्वर डाऊन आहे, बसा, तोवर हे ऐका.

बसल्या. पदर डोक्यावर, त्यावर हेडफोन. डोळे मिटले. एकेचाळीस मिनिटं हलल्या नाहीत. 'लोडशेडिंग'लासुद्धा नाही! सातव्या ट्रॅकला मान थोडी खाली गेली. मी समजलो, भिडलं.

संपल्यावर विचारलं, मावशी, कसं वाटलं. त्या म्हणाल्या, 'थंडं वाटलं बापा, तुह्या पंख्याखाली.' लिहिता येत नाही, म्हणून वहीत अंगठा घेतला. निळी शाई. त्या मशीनला जो अंगठा वाचता आला नाही, तो माझ्या वहीत उमटला. हे लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आहे.

दाखल्याचं राहिलं. पुन्हा या म्हटलं.

१५ मार्च

पावत्या देऊन टाकतो, अर्धे राहिलेले फॉर्म मागून भरू. अभिप्राय एकतीस. व्ह्यूज साठ. अंकांच्या मागे लागायचं नाही असं ठरवलं. (बासष्ट.)

१८ मार्च

तानाबाई पुन्हा आल्या. कोणी बोलावलं नाही, काही नाही, स्वतःहून. ऑटो मिळाला नाही म्हणून पायी. चार किलोमीटर चालत येऊन अल्बम ऐकणारा श्रोता पुण्या-मुंबईच्या कोणत्या रॅपरकडे आहे ते दाखवा.

आल्या आल्या अंगठा पुढे केला. मी म्हटलं आधी ऐका, मग अंगठा. पुन्हा पूर्ण ऐकला, वहीत पुन्हा अंगठा दिला. मी व्हिडिओ काढला, त्याला संगीत लावायला वेळ गेला, मध्ये लाईट गेली. दाखल्याचं आज पण राहिलं. चेहरा दाखवून दाखला निघतो असं एक ॲप आहे म्हणतात. शिकून घेतलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात.

त्यांनी जाताना विचारलं, अजून किती डाव आयकाव लागते. मी म्हटलं मावशी, तुम्हाला वाटेल तितके.

२१ मार्च

बहीण समीक्षा (पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पाचला उठून धावते, त्यामुळे दिवसभर चिडलेली) आज सेंटरवर येऊन रजिस्टर चाळून गेली. म्हणाली, दादा, हे लोक गाण्याले नाई लिहून राह्यले, प्रिंटले लिहून राह्यले. एक दिवस आधी प्रिंट दे, मग अभिप्राय माग.

मी खुल्या मनाचा माणूस आहे. आज दुपारपर्यंत तसं केलं. प्रिंट दिल्यावर चोवीस माणसांपैकी तेवीस निघून गेली. प्रिंट हातात आल्यावर माणूस भावुक होतो, बोलू शकत नाही. चोविसाव्याची चप्पल सापडत नव्हती म्हणून तो थांबला होता. त्याने लिहिलं, 'भाऊ, डोकं धरलं.'

दुपारनंतर जुनी पद्धत सुरू केली. समीक्षाला सांगितलं, प्रयोग फसला.

२५ मार्च

बाजारपेठेतल्या लग्नाला गेलतो. (शुद्ध: गेलो होतो.) वरातीत धुमाल, पुढे भीमराज. 'ढाणकी रोड' वाजवलं. फक्त बीट. माझा आवाज काढून टाकलेला. शंभर-दीडशे पोरं नाचून राह्यली होती, नवरदेवाचा बाप पण. माझ्या शब्दांची कोणालाच आठवण आली नाही. मी विचार केला आणि कारण सापडलं: शब्द लोकांच्या डोक्यात आधीच वाजत आहेत, मग पुन्हा कशाला लावायचे?

जेवणाच्या पंगतीत भीमराज शेजारी येऊन बसला. म्हणाला, नवा अल्बम आयकला म्या, दोन गाण्यांत दम आहे, सातबाऱ्याच्या खाली नुसता एक ढोल ठेवला ना नयन, तर लोक उठतीन. पैसे-बिसे काही नको म्हणाला. मी त्याला नम्रपणे सांगितलं की ढोल हा आधार आहे, आणि मला आधाराची गरज नाही. तो वरणभात कालवत राहिला.

मग त्याने विचारलं, मावशीचं काम झालं काय? मी म्हटलं, दोनदा पूर्ण ऐकला. तो म्हणाला, ते नाही बे, दाखला. मी म्हटलं, होऊन जाईल, माझ्यावर सोड. त्याने सोडलं. भीमराज लहानपणापासून असाच आहे, माझ्यावर काही सोडलं की पुन्हा विचारत नाही.

२८ मार्च

अभिप्राय ब्याऐंशी. आज एका गुरुजींनी चुकून 'विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक' असं लिहिलं. धरला.

३१ मार्च, संध्याकाळी ६

मार्च एंडची गर्दी म्हणजे काय, ते ज्याचं सेंटर आहे त्यालाच माहीत. लोक दारातून पायरीपर्यंत, पायरीवरून पानठेल्यापर्यंत. अभिप्रायांना सोन्यासारखा दिवस. दीड वाजेपर्यंत नव्याण्णव झाले.

शंभरावा कोणाचा घ्यायचा? मी मान वर करून पाहिलं तर मागे भिंतीला टेकून तानाबाई उभ्या. सकाळपासून होत्या म्हणे. म्हटलं योग असतो एकेक. गर्दीतून आत घेतलं, आतल्या स्टुलावर बसवलं, हेडफोन दिला. लोकांनी कुरकुर केली, मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्यांदा पूर्ण ऐकला. शंभरावा अभिप्राय: अंगठा.

अडीच वाजता शटर ओढलं, कारण पोस्टरवाल्याने तीनपर्यंतच वेळ दिली होती. कोणाकोणाचं काही राहिलं असेल तर उद्या पाहू. तारीख वाढते. दर वर्षी वाढते.

पोस्टर झकास झालं. 'शंभर श्रोते. शंभर अभिप्राय. बीट शून्य.'

१ एप्रिल

तारीख वाढली नाही. शासनाला काही कळत नाही.

५ एप्रिल

वीस मिनिटं मिळाली!

बैठकीत रजिस्टर ठेवलं. नागोराव काका रिटायर्ड हेडमास्तर, चष्मा लावून एकेक पान वाचत होते. मध्येच हसू दाबल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. 'स्तुत्य उपक्रम'वर बोट ठेवून म्हणाले, 'बाबू, हे वाक्य मी तीस वर्षं वाचून राह्यलो. ज्या शाळेचं छप्पर गळे, तिथंही हेच लिहिलेलं राहे.' मी म्हटलं, काका, म्हणजे परंपरा आहे. मग त्यांनी विचारलं की त्यांच्या नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं कुठवर आलं, तिची ॲडमिशन अडली आहे. मी म्हटलं, माझ्याकडे पेंडिंग आहे, आता स्टेजच्या तयारीतून वेळ मिळाला की लगेच. त्यावर पाच मिनिटांत माझी वीस मिनिटं मंजूर. धुमालला मिरवणुकीत घेतलं, स्टेजवर नाही.

दाखला आणि मंजुरी एकाच बैठकीत निघाले, हा निव्वळ योगायोग. गुणवत्ता असली की योगही जुळतात.

११ एप्रिल

स्टेजसाठी भन्नाट कल्पना. शेवटी तानाबाईंना वर बोलवायचं. 'बिनाबीटचा पहिला खरा श्रोता आणि शंभरावा श्रोता एकच आहे,' असं म्हणायचं, माईक द्यायचा, त्यांनी चार शब्द बोलायचे. लोक रडतील. मी रडायची प्रॅक्टिस केली, जमते.

गाडी काढून वस्तीवर गेलो. मला पाहून त्या घाईघाईने आत गेल्या आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आधार, पासबुक, दोन फोटो, सगळं एकावर एक. म्हणाल्या, मले वाटलंच, तू येशीन. मी सांगितलं की स्टेजला कागद लागत नाहीत. शेजारची बाई मध्येच बोलली की तानाबाईचं नाव यादीतून कटलं, ज्यांचा दाखला आला नाही त्यांना मेल्यात धरलं. या महिन्यापासून पगार बंद.

ऐकून वाईट वाटलं. यादीत नाव नसणं काय असतं ते कलाकाराला विचारा. माझं नाव मी महाराष्ट्रातल्या टॉप रॅपरच्या एका यादीत शोधलं होतं, नव्हतं. तानाबाईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, तुलेही मेल्यात धरलं काय रे?

१४ तारखेला पांढरं लुगडं नेसून या म्हटलं. त्या म्हणाल्या, जयंतीले दुसरं कोणतं नेसतीन?

१४ एप्रिल, सकाळी ८

निळी कमान लागली. मिरवणुकीची तयारी. आईने खीर केली. माझा घसा साफ. आज संध्याकाळी ढाणकीला कळेल.

समीक्षा म्हणाली, दादा, अजून वेळ आहे, भीमराजदादाले बोलाव. मी तिला रजिस्टर दाखवलं.

१५ एप्रिल, सकाळी

स्टेजची साऊंड सिस्टीम नीट नव्हती. वारा होता. समोर लहान पोरं होती. लोक मिरवणुकीत दमले होते. अध्यक्षीय भाषण लांबलं होतं. या पाच कारणांमुळे जे झालं ते झालं.

झालं असं.

पहिला ट्रॅक, प्रिंटर. साऊंडवाला पळत आला, केबल हलवून गेला. मी चालू. दुसऱ्या ट्रॅकला पुन्हा आला. सातबाऱ्याला एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, कोणाचा सातबारा आहे. लोक हसले. हसणं म्हणजे लक्ष आहे, मी पुढे गेलो. 'लोडशेडिंग'ला साऊंडवाला जनरेटरकडे धावला आणि डीजे ऑन करून आला. जुन्या 'ढाणकी रोड'चं बीट सुटलं. पोरं उठून नाचायला लागली. मी हात करून बंद करायला लावलं. पोरं खाली बसली, पण जशी शाळेत बसतात तशी.

तेव्हा मी ठरवलेलं वाक्य बोललो आणि तानाबाईंना वर बोलावलं. आल्या. पांढरं लुगडं, हातात ती पिशवी. मी म्हटलं, मावशीने अल्बम तीनदा ऐकला आहे, आता त्या सांगतील. माईक दिला.

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'तीन डाव आयकलं म्या. मधात उठलो नाई, बोललो नाई, तू म्हणशीन तिथं अंगठा देल्ला. आता तरी मले जित्ती लिही, बापा.'

एकजण हसला. मग तोही थांबला.

मला वाटलं टाळ्या येतील. मागून कोणीतरी म्हणालं, नयनभाऊ, माहा फार्मर आयडी? दुसरं कोणी म्हणालं, माह्या पोरीचा दाखला? मग बरेच आवाज. कोणी ओरडून नाही, जसं बँकेत नंबर विचारतात तसे. तेवढ्यात नागोराव काका उठले, मला वाटलं लोकांना गप्प करतील. त्यांनी पण नातीचंच विचारलं.

भीमराज स्टेजवर आला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशीच्या हातातला माईक काढून खाली ठेवला, पिशवी घेतली, तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. शेवटच्या पायरीवर मागे वळून एवढंच म्हणाला, 'तुह्यावर सोडलतं म्या.'

उरलेली नऊ मिनिटं शाळेच्या मुलींचा लेझीमचा कार्यक्रम झाला. चांगला झाला.

१५ एप्रिल, दुपारी

रजिस्टर पुन्हा वाचलं. पहिल्या पानापासून, प्रिंट मागायला कोणी समोर नसताना. शंभर अभिप्रायांत एक्क्याण्णव अर्ज क्रमांक आहेत. तीन अंगठे, तिन्ही एकाच बाईचे. आणि एक 'भाऊ, डोकं धरलं'. तो एकटाच अल्बमबद्दल आहे.

समीक्षाने जेवायला बोलावलं. मी म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, नाटकं नको करू, एक्क्याण्णव फॉर्म अर्धवट आहेत, खाऊन बस. तिने वाचून दाखवले, मी भरत गेलो. सर्वर एकदाही डाऊन झाला नाही.

१६ एप्रिल

सकाळी वस्तीवर गेलो. भीमराज आधीच तिथं बसून होता. मी जयभीम म्हटलं, त्यानं पण म्हटलं, बस.

त्या ॲपले फक्त चेहरा लागते, अंगठा लागत नाही. जानेवारीपासून पडून आहे ते माह्या मोबाईलमध्ये, म्या उघडलंच नव्हतं. समोर उजेड कमी होता, म्हणून भीमराज टॉर्च धरून उभा राह्यला. मावशीचा दाखला झाला की आम्ही दोघांनी उमरखेडला तहसीलमध्ये जाऊन नाव पुन्हा चढवायचा अर्ज द्यायचा, असं त्यानंच सांगतलं. माह्या गाडीवर येतो म्हणाला. एवढ्यावर मी त्याले सातबाऱ्याच्या ढोलाचं इचारणार होतो, पण त्याचं तोंड पाहून थांबलो.

तानाबाईनं चटई टाकली, केस कानामागं घेतले, अन् डोळे मिटून सरळ बसली. मी म्हटलं मावशी, डोळे उघडे ठेवा, फोटो आहे.

ती म्हणाली, 'आधी आयकाव लागते ना? ते कानाचं नाई आणलं काय?'

मी म्हटलं, आज नाही लागत.

'मंग तवा काहून लागत होतं?' रागानं नाही इचारलं तिनं. माहिती पाह्यजे म्हणून इचारलं.

माह्या तोंडून सवयीनं निघालं, तवा सर्वर डाऊन होतं मावशी.

'हो काय,' म्हणाली, अन् डोळे मोठे करून बसली. फोटो पहिल्याच वेळी आला.